फाकलेले पाय, निसटलेली धोंडशीर: एका गावरान पिल्लाचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातलं एक घर. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून केलेलं घरगुती इनक्युबेटर, त्यात बारा गावरान अंडी. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं बाहेर आली. आठवं बाविसाव्या दिवशी दुपारी, तेही कवच थोडं सोलून द्यावं लागलं तेव्हा. वजन 31 ग्रॅम. अंग वाळून पिसं फुलली तरी ते उभं राहीना. पोट टेकलेलं आणि दोन्ही पाय दोन बाजूंना, सव्वानऊच्या काट्यांसारखे. घरच्या मुलीने त्याचं नाव ठकी ठेवलं. नर की मादी हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली. पिल्लाच्या पोटात ओढलं गेलेलं बलक त्याला पहिले 48 ते 72 तास पुरतं, त्यामुळे न खाता-पिताही ते जिवंत राहतं आणि ‘ताकद आली की उठेल’ असं वाटत राहतं. पण नेमके हेच दिवस मोलाचे असतात. कोवळी हाडं आणि सांधे या काळात सहज वळतात. पहिल्या तीन दिवसांत लावलेली पट्टी बहुतेक वेळा काम करते, आठवडा उलटल्यावर लावलेली क्वचितच.

त्यात भर म्हणजे पिल्लू ठेवलं होतं वर्तमानपत्रावर. गुळगुळीत कागदावर पंजा धरत नाही, प्रत्येक धडपडीत पाय आणखी बाहेर सरकतो. इनक्युबेटरचा प्लास्टिकचा ट्रेही तसाच होता. पाय फाकायला अंड्यातली आडवी-तिडवी स्थिती, उबवणीत तापमान वर-खाली होणं, आईबापांच्या खाण्यातली कमतरता अशी बरीच कारणं असतात. पण घरगुती उबवणीत ट्रे आणि कागद हे सगळ्यांत जास्त आढळणारं आणि सगळ्यांत सहज टाळता येणारं कारण. पंखा असलेल्या इनक्युबेटरला 37.5 अंश सेल्सियस लागतं. इथे शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी चार तास वीज नव्हती. उशिरा आणि अशक्त निघणं हे तापमान कमी पडल्याचं लक्षण, तेव्हा ठकीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जुळून आल्या असं धरायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी काय तपासायला हवं होतं

पाय वाकडा दिसला की लोक सरसकट पट्टी बांधतात. त्याआधी दोन मिनिटं हात लावून बघायचं असतं, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तक्रारी आतून वेगळ्या असतात.

पिल्लू तळहातावर घ्यायचं आणि दोन्ही पाय हलकेच पोटाखाली आणायचे. पाय विरोध न करता आले आणि पंजे हाताला टेकल्यावर पिल्लाने खाली जोर दिला, तर पाय नुसते फाकलेले आहेत; पट्टीने सुधारतील. पाय येतो पण नडगीच पिळल्यासारखी दिसते, पंजा बाहेर वळलेला राहतो, तर हाडातच पीळ आहे, त्याला पट्टीचा उपयोग नाही. बोटं मुठीसारखी आत वळलेली असतील तर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाची कमतरता आधी मनात आणायची. आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यांत जास्त निसटते, ती घोट्याची.

पायाच्या मध्यावर बाहेरून गुडघ्यासारखा दिसतो तो सांधा म्हणजे घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. घोट्याच्या मागच्या बाजूला एका खोबणीतून धोंडशीर जाते. बोटाने चाचपलं तर बरोबर मध्यावर ताणलेल्या दोरीसारखी लागते. ती खोबणीतून सुटून बाजूला गेली की घोट्याची मागची बाजू सपाट लागते, सांधा सुजतो आणि पाय बाहेर फिरतो. दोन्ही पाय एकामागून एक चाचपले की फरक लगेच कळतो. ठकीच्या घरी तिसऱ्या दिवशी पाय पोटाखाली आणून बघितले, घोटे कुणी चाचपले नाहीत. त्यात दोन दिवस गेले.

पट्टी

पट्टीसाठी स्वतःलाच चिकटणारं बँडेज सगळ्यांत चांगलं. औषधाच्या दुकानात मिळतं. नसेल तर जखमेवर लावायची साधी पट्टी उभी चिरायची. तिचा मधला गादीचा भाग दोन पायांच्या मध्ये येतो आणि अंतर आपोआप राखलं जातं. पट्टीची रुंदी 5 ते 6 मिलिमीटर, लांबी 10 ते 12 सेंटिमीटर. एकाने पिल्लू रुमालात गुंडाळून उताणं धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. पट्टी घोट्याच्या खाली आणि बोटांच्या वर, नडगीच्या मध्यावर येते. एका पायाभोवती एक वेढा देऊन टोक पट्टीवरच चिकटवायचं, मग 2 ते 2.5 सेंटिमीटर अंतर सोडून दुसऱ्या पायाभोवती तसंच. पाय कमरेच्या बरोबर खाली यायला हवेत, एकमेकांना चिकटून नकोत.

पहिल्यांदा बांधलेली पट्टी दोन्ही बाबतींत चुकली. अंतर सेंटिमीटरभरच ठेवलेलं, त्यामुळे पिल्लू तोल जाऊन सारखं तोंडावर आपटत होतं. आणि डाव्या पायाचा वेढा आवळलेला. संध्याकाळपर्यंत डावा पंजा गार आणि जांभळट झाला, बोटं फुगली. अशा वेळी पट्टी ओढून काढायची नाही, कातडी सोलवटते. चिकट भागावर खोबरेल तेलाचा थेंब सोडून पाच मिनिटं थांबलं की ती सैल होते. वेढ्याखाली काडेपेटीतली काडी सरकेल इतकी जागा हवी, आणि बांधल्यापासून पहिल्या तासात एकदा, मग सकाळ-संध्याकाळ बोटांचा रंग बघायचा. पिल्लू रोज वाढत असतं. काल सैल असलेला वेढा आज आवळतो, म्हणून पट्टी दर दिवसाआड बदलायची.

पट्टी हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं पायाखालची जमीन करते. कागद काढून खोक्यात खडबडीत बाजू वर करून रबरी मॅट घातली. गोणपाटही चालतं, पण सुटे धागे बोटांभोवती गुंडाळले जाऊन बोटं काळी पडलेली अनेकांनी पाहिली असतील. कडा दुमडून शिवूनच वापरावं. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पाचेक मिनिटं, ठकीला छातीखाली दोन बोटांचा आधार देऊन टॉवेलवर उभं केलं जाई. वजन हातावर, पंजे जमिनीवर, जोर तिचा तिने द्यायचा. नुसतं बांधून ठेवलेल्या पायात ताकद येत नाही.

दुसऱ्या पट्टीनंतर डावा पाय चौथ्या दिवशी सरळ झाला. उजवा मात्र पट्टीत असूनही बाहेर फिरत होता आणि घोटा वाटाण्याएवढा सुजला होता.

उजवा घोटा

इथे पिल्लू जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलं. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला दवाखाना आहे आणि 1962 हा फिरत्या दवाखान्याचा क्रमांक आहे. ‘कोंबडीच्या पिल्लाला काय डॉक्टर’ हा संकोच सोडायला हवा. बोट लावताच निदान झालं: धोंडशीर सुटलेली.

ती बसवायची रीत समजायला सोपी आहे. घोटा सरळ केला की शीर सैल पडते. त्याच अवस्थेत अंगठ्याने ती बाजूने मध्यावर, खोबणीवर सरकवायची आणि पाय हळूहळू दुमडायचा. जागेवर बसली तर बोटाला बारीकसा टचका जाणवतो. मग घोटा किंचित वाकलेल्या स्थितीत तीन-चार दिवस आधारात ठेवायचा. पहिल्या दिवसात हे केलं तर शीर टिकण्याची आशा बरी असते. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत खोबणी उथळ झालेली असते, शीर वाकड्या वाटेनेच आखडलेली असते. ठकीची शीर दोनदा बसवली, कागदी स्ट्रॉ उभी चिरून त्याचा आधार दिला, दोनदा ती एका दिवसात निसटली. तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही, आणि ते योग्यच झालं. प्रत्येक प्रयत्नात सूज वाढते, पिल्लू खाणं सोडतं. दोन पायांना जोडणारी पट्टीही त्याच दिवशी काढली, नाहीतर वळणारा उजवा पाय नुकत्याच सरळ झालेल्या डाव्यालाही ओढतो.

या आजाराच्या मुळाशी बहुतेक वेळा मँगनीजची कमतरता असते, कोलीन आणि इतर काही ब-जीवनसत्त्वांचीही. घरच्या कोंबड्या मका आणि तांदळाच्या कणीवर होत्या, बाकी उकिरड्यावर जे मिळेल ते. मक्यात मँगनीज फार कमी असतं. आईच्या अंगात नाही ते अंड्यात कुठून येणार? आता यातली हमखास होणारी चूक: पाय वाकडे दिसले की घरात कॅल्शियमचं टॉनिक येतं. कॅल्शियम आणि फॉस्फरस जास्त झाले तर मँगनीज कमी शोषलं जातं, म्हणजे टॉनिकने हा त्रास वाढतो. लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, तेही पिल्लाला द्यायचं नाही. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरे, जास्तीचं मूत्रपिंडावर जातं. ठकीला कोंबड्यांसाठीचं जीवनसत्त्व-खनिजांचं द्रव औषध बाटलीवरच्या प्रमाणात पाण्यातून सुरू केलं. एकदा सुटलेली शीर त्याने परत बसत नाही, पण दुसरा पाय त्या वाटेने जाऊ नये यासाठी ते लागतं. वेदनेसाठी माणसांची गोळी चुरडून देऊ नये. काय आणि किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

ऊब, पाणी, दाणा

धडधाकट पिल्लू गरम झालं की बल्बपासून लांब पळतं, लंगडं पिल्लू तिथेच भाजत राहतं. म्हणून ऊब खोक्याच्या एका टोकाला हवी आणि थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर. पहिल्या आठवड्यात बाकीच्या पिल्लांना 35 अंशांपर्यंत चालतं, ठकीला 32-33 वर ठेवलं. पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. चोच उघडी ठेवून धापा, पंख पसरलेले, म्हणजे गरम होतंय. बल्ब 60 वॅटचा जुन्या तारेचाच लागतो. एलईडी दिवा लावून ‘उजेड भरपूर आहे, तरी पिल्लं का गारठतायत’ असं विचारणारे दरवर्षी भेटतात.

पाणी बाटलीच्या झाकणात, त्यात स्वच्छ खडे, जेणेकरून तोंड बुडालं तरी नाकपुड्या बुडणार नाहीत. पहिले चार दिवस दिवसा दर दोन तासांनी पाण्यापाशी नेऊन चोचीचं टोक ओलं करावं लागलं. ड्रॉपरने घशात पाणी सोडायचं नाही, ते श्वासनळीत जातं. चोचीच्या कडेला थेंब लावला की पिल्लू स्वतः ओढून घेतं. खाणं म्हणून लेयर जातीच्या पिल्लांचं चिक मॅश, साधारण 20 टक्के प्रथिनांचं. ब्रॉयलर स्टार्टरने, म्हणजे मांसासाठीच्या पिल्लांच्या खाद्याने, वजन झपाट्याने वाढतं आणि अधू पायाला तेच नको असतं. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी: तिसऱ्या दिवशी 27 ग्रॅम, सातव्या दिवशी 44, तेव्हा भावंडं 55 ते 60 ग्रॅमची होती. ती मागे होती, पण आकडा वर जात होता. तोच खरा निकष.

बसून राहणाऱ्या पिल्लाची शी शेपटीखाली चिकटते, वाळते आणि वाट बंद करते. कोमट पाण्याने भिजवून पुसायचं, ओढायचं नाही, आणि लगेच कोरडं करायचं.

भावंडांत सोडलं तर बोटांवर आणि शेपटीखाली टोचे बसतात. एकटं ठेवलं तर दिवसभर ओरडून थकतं. मधला मार्ग म्हणून सगळ्यांत लहान आणि शांत पिल्लू तिच्या जोडीला दिलं, बाकीची जाळीपलीकडे. पुढे हीच जोडी कायम राहिली.

बसून वाढणारी कोंबडी

पाचव्या आठवड्यापासून त्रास पायाचा राहिला नाही, बसण्याचा झाला. ठकी डाव्या पायावर उभी राहून उजव्या घोट्याचा टेकू घेत सरके. दिवसाचा बराच वेळ छातीवर. छातीच्या हाडावरची कातडी लाल झाली, मग तिथे पाण्याचा फोड. घोट्याच्या मागेही घट्टा. वजन पेलणाऱ्या डाव्या तळव्याला काळी खपली धरायला लागली. त्यातून जंतू आत गेले की तळवा गळवासारखा फुगतो, आणि एकच चांगला पाय असलेल्या पक्ष्याला ते परवडत नाही. खपली दिसताच मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं शेक, कोरडं करून पोव्हिडोन आयोडीन, वर मऊ कापडाची गादी. सूज आत गेली असेल तर घरी चिरायचं नाही.

खाली पाच सेंटिमीटर भाताचं तूस. हा थर रोज हात घालून बघायचा: मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर बदलायची वेळ झाली. पावसाळ्यात हे दर तीन-चार दिवसांनी होतं. ओलं तूस म्हणजे रक्ती हगवणीला आमंत्रण, आणि अमोनियाचा दर्प उभ्या कोंबडीआधी बसलेल्या कोंबडीच्या डोळ्यांत जातो. रक्ताळ शी, फुगवलेली पिसं, मिटलेले डोळे दिसले तर त्याच दिवशी औषध लागतं.

झोळीही केली. प्लास्टिकच्या क्रेटवर जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून त्याला पायांसाठी दोन भोकं आणि शेपटीखाली एक. पंजे जेमतेम जमिनीला टेकतील इतकी उंची, समोर पाठीच्या पातळीवर दाणापाणी. अर्धा अर्धा तास, दिवसातून दोन-तीनदा. काही जण पक्ष्याला दिवसभर झोळीत टांगून ठेवतात; त्याने छातीला नवा घट्टा पडतो आणि पायातली उरलीसुरली ताकदही जाते.

पक्षी अधू बाजूला कलतो, म्हणून तिच्या उजव्या अंगाला भिंत येईल अशी भांड्याची जागा ठेवली. गोल दांड्यावर बसणं जमत नसल्याने जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर दहा सेंटिमीटर रुंद फळी. उकरता येत नाही, त्यामुळे उजव्या पंजाची नखं झिजत नाहीत, वाढून वळतात. महिन्याला टोकं कापायची, आतली रक्तवाहिनी उजेडासमोर धरून दिसते तिच्या अलीकडे. धुळीत लोळणं तिला एका बाजूलाच जमे. दुसऱ्या बाजूच्या पंखाखाली उवा झाल्या. राख आणि कोरडी माती हाताने चोळून लावावी लागली, आणि दर आठवड्याला पंखाखाली, शेपटीखाली पिसं बाजूला करून बघणं हे कायमचं काम झालं.

लसीकरणात अधू पिल्लू मागे ठेवतात, ते चुकीचं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याच रोगाची आर-टू-बी लस. कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते, तेव्हा शेजारपाजारच्या कोंबड्यांबरोबर एकाच दिवशी उरकायचं. मरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी देतात, घरी उबवलेल्या पिल्लांना ती मिळत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चांगला पाय अचानक लुळा पडला, एक पाय पुढे आणि एक मागे अशी बसकण दिसली, तर जुन्या दुखण्यावर न ढकलता मरेक्सची शंका घ्यायची. असा पक्षी मेला तर शवविच्छेदन करून घेतलेलं बरं. उरलेल्यांसाठी ते कळणं गरजेचं असतं.

थांबायचं कधी, हेही घरच्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. दोन्ही धोंडशिरा सुटलेल्या, वजन सलग उतरतंय, दाण्यापर्यंत सरकताही येत नाही, छातीवरची जखम भरत नाही, अशा पक्ष्याला जगवत ठेवणं म्हणजे त्याच्या जिवावर आपली हौस. तेव्हा डॉक्टरांकडून वेदनारहित मरण देणं हाच सभ्य मार्ग. ठकीवर ती वेळ आली नाही.

तिला कोंबड्यापासून मात्र कायम वेगळं ठेवलं. कोंबडा पाठीवर चढला की सगळा भार एका पायावर येतो. तलंग झाल्यावर, सव्वीसाव्या आठवड्यात, पहिलं अंडं आलं. तेव्हापासून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, हवा तेवढा तिने उचलायचा. मॅशमध्ये मिसळायचा नाही. घरटं जमिनीवरच, पुढची कड चार सेंटिमीटरपेक्षा उंच नाही. कमी हालचालीच्या कोंबडीत अंडं अडकण्याचा धोका जास्त: शेपटी खाली, सारखं कुंथणं, खाणं बंद. कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवून वीसेक मिनिटांत सुटलं नाही तर दवाखाना. अंडं आत फोडून काढायचा प्रयत्न करू नये.

पुढची खेप

पुढच्या उबवणीआधी महिनाभर घरच्या कोंबड्यांना कणी-मक्याऐवजी लेयर फीड आणि खनिज मिश्रण दिलं. ट्रेवर कपाटात अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट कापून बसवली. थर्मोस्टॅटला बॅटरी जोडली. नऊ पिल्लं निघाली, सगळ्यांचे पाय सरळ. एकाची उजवी बोटं मात्र आत वळलेली होती. त्याला जाड पुठ्ठ्याचा, पंजापेक्षा थोडा मोठा त्रिकोण कापून बोटं पसरून चिकटपट्टीने त्यावर बसवली, मागच्या बोटासाठी वेगळी पट्टी मागे, आणि पाण्यात ब-जीवनसत्त्वं. असा जोडा पहिल्या दोन दिवसांत घातला तर दोन-तीन दिवस पुरतो. पुठ्ठा ओला झाला की लगेच बदलायचा, नाहीतर मऊ पडून बोटं त्याच्यासकट पुन्हा आत वळतात.